चित्राची पाठ आधी बघा: मराठवाड्यातल्या घरासाठी अमूर्त चित्र घेताना

‘ओरिजिनल अ‍ॅब्स्ट्रॅक्ट एक्सप्रेशनिस्ट पेंटिंग, अ‍ॅक्रिलिक ऑन कॅनव्हास, ३० बाय ४०, फ्रेमसहित, खास कलेक्टर्ससाठी.’ असा मजकूर आणि खाली झकास फोटो मोबाइलवर आला की दोन प्रकारची माणसं फोन लावतात. एकाला नव्या घराच्या हॉलमध्ये सोफ्याच्या वर ‘काहीतरी मॉडर्न’ लावायचं असतं. दुसऱ्याला ते चित्र खरंच आवडलेलं असतं, पण पैसे टाकावेत की नाही हे कळत नसतं. हा लेख दुसऱ्यासाठी आहे. पहिल्यालाही निम्मा कामी येईल.

‘याचा अर्थ काय?’ हा प्रश्न सगळ्यात शेवटी ठेवा. अर्थ विचारला की विकणारा गोष्ट सांगायला लागतो आणि आपण चित्र सोडून गोष्ट विकत घेतो. या प्रकारच्या चित्रात रंग कसा पडला, कुठं खरवडला, कुठं ओघळू दिला, कुठं हात थांबला हाच मजकूर असतो. त्यामुळे वस्तू म्हणून चित्र नीट तपासणं आणि चित्र म्हणून ते बघणं ही दोन वेगळी कामं राहतच नाहीत.

जाहिरातीतला शब्द न् शब्द सोडवून घ्या

अ‍ॅब्स्ट्रॅक्ट एक्सप्रेशनिझम ही १९४० आणि ५० च्या दशकांत न्यूयॉर्कमध्ये उभी राहिलेली अमूर्त चित्रकलेची चळवळ. जॅक्सन पोलॉक कॅनव्हास जमिनीवर अंथरून त्यावर घराला लावायचा एनॅमल पेंट ओतायचा, विलेम डी कूनिंग ब्रशनं अक्षरशः झोंबी खेळायचा, मार्क रॉथको पातळ रंगाचे थरावर थर चढवायचा. आजचा चित्रकार त्या वळणानं काम करतो एवढाच जाहिरातीतल्या शब्दाचा अर्थ घ्यायचा. त्यात गैर काही नाही. पण कुणी ‘अमेरिकेतलं, पन्नासच्या दशकातलं, नातेवाइकाकडून आलेलं’ असं सांगू लागला तर चहा प्या आणि निघा. न्यूयॉर्कची नोएडलर गॅलरी १८४६ पासून चालू होती. तिथून पोलॉक, रॉथको यांच्या नावावर बनावट चित्रं विकली गेली आणि २०११ साली ती बंद पडली. त्यातल्या एका चित्रावर पोलॉकच्या सहीतलं स्पेलिंगच चुकलेलं होतं, आणि तरीही ते विकलं गेलं होतं. जिथं अशा मुरलेल्या लोकांची फसगत झाली, तिथं आपण व्हॉट्सअ‍ॅपच्या फोटोवर भरवसा ठेवायचा नाही.

मापाचं बघा. आपल्याकडे माप इंचात देतात आणि रिवाज असा की आधी उंची, मग रुंदी. पण जाहिरातीत हा रिवाज पाळला असेलच असं नाही, म्हणून ‘उभं की आडवं’ हे स्पष्ट विचारा. माप चित्राचं की फ्रेमसकट, हेही विचारा. दोन्हीकडून तीन-तीन इंचांची पट्टी असली की २४ बाय ३० चं चित्र ३० बाय ३६ होऊन बसतं आणि दर त्या मोठ्या मापावर लावला जातो.

‘मिक्स्ड मीडिया’ लिहिलं असेल तर काय काय मिसळलंय त्याची यादी मागा. वाळू, कापड, वर्तमानपत्राचा कागद, फेव्हिकॉल, सगळं चालतं. फक्त आपल्याला माहीत पाहिजे. वर्तमानपत्राचा कागद काही वर्षांत पिवळा पडणार, हे घेतानाच धरून चालायचं.

समोर उभं राहून बघा

फोटोवरून निवड करा, पण पैसे चित्रासमोर उभं राहिल्यावरच द्या. मोबाइलचा कॅमेरा लाल आणि निळा भडक करतो आणि थरांची जाडी पूर्ण गिळून टाकतो.

आधी दहा-बारा फुटांवरून बघा, मग हातभर अंतरावरून. लांबून चित्र एकसंध धरून राहतं का आणि जवळ गेल्यावर काही नवीन मिळतं का, हे दोनच प्रश्न. लांबून छान आणि जवळून नुसता सपाट रंग असेल तर ते सजावटीचं काम आहे. तसं समजून तशाच भावात घ्यायला हरकत नाही. चारही कडा निरखून बघा. कच्चा हात मधोमध धमाल करतो आणि कडेला येऊन दमतो. मुरलेल्या चित्रकाराला कडेचं काय करायचं हे माहीत असतं. रंग एकमेकांत मिसळून मातकट झालेत का, की मातकट छटा मुद्दाम आणलीय? मुद्दाम आणलेली असेल तर तिच्या शेजारी एखादा स्वच्छ रंग राखलेला दिसतो.

‘हे तर आमच्या पोरानंही काढलं असतं’ असं कुणीतरी म्हणणारच. त्यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका. त्याऐवजी त्याच चित्रकाराची आणखी आठ-दहा कामं मागून बघा. तीच युक्ती दहादा वापरलेली आहे की एकच शोध पुढं पुढं चाललाय, हे इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षा कशीबशी पास झालेल्या माणसालाही दिसतं.

डोळा तयार करायला आपल्या मातीतलं उदाहरण आहे. १९२४ साली नागपुरात जन्मलेले वासुदेव गायतोंडे मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकले, १९६४ साली रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला जाऊन आले, आणि पुढं रोलर व पॅलेट नाइफनं (रंग पसरवायच्या बोथट सुरीनं) रंग चढवत-उतरवत राहिले. त्यांचं एक चित्र डिसेंबर २०१३ मध्ये ख्रिस्टीज या लिलाव कंपनीच्या मुंबईतल्या लिलावात २३ कोटींच्या वर गेलं. तो आकडा विसरून जा, पण त्यांच्या कॅनव्हासची मोठ्या आकाराची छायाचित्रं मिळतील तिथून बघा. अमूर्त चित्रकार प्रभाकर कोलते यांचंही काम बघा. त्यानंतर जाहिरातीतलं चित्र बघितलं की फरक आपोआप कळू लागतो.

आणि हो, घेण्यासाठी दर वेळी मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीपर्यंत जायची गरज नाही. छत्रपती संभाजीनगरात शासकीय कला महाविद्यालय आहे. तिथलं वार्षिक प्रदर्शन चुकवू नका. शिकून बाहेर पडलेली कितीतरी पोरं शाळेत कलाशिक्षकाची नोकरी करत रात्री घरी कॅनव्हास लावून बसतात. त्यांच्या घरी जाऊन, मागच्या खोलीत भिंतीला टेकवलेली चित्रं एकेक करून बघण्यासारखी दुसरी खरेदी नाही. चित्रकाराला ‘सर’ म्हणा, घाई करू नका, आणि पहिल्याच भेटीत भाव पाडू नका.

टॉर्च आणि भिंग

आता मुख्य तपासणी. खोलीतला दिवा बंद करा, मोबाइलचा टॉर्च चित्राच्या बाजूला भिंतीलगत धरा आणि उजेड पृष्ठभागावरून आडवा सोडा. खऱ्या चित्रात रंगाच्या उंचवट्यांच्या सावल्या पडतात आणि त्या सावल्या रंगाच्या फटकाऱ्याबरोबर चालतात. हल्ली कॅनव्हासवर प्रिंट काढून त्यावर पारदर्शक जेलचे फटकारे मारून विकतात. तिथं उंचवटे एकीकडे आणि छापलेला फटकारा दुसरीकडे, अशी विसंगती आडव्या उजेडात लगेच उघडी पडते.

मग भिंग घ्या. घड्याळजीचं असेल तर उत्तम. एकाच रंगाच्या पट्ट्यात बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ती छपाई. प्रिंट घेणं गुन्हा नाही, पण ते प्रिंटच्या भावात मिळालं पाहिजे.

तडे, पोपडे, फुगवटे बघा. बोटानं दाबून बघू नका. तैलरंगाला जवसाच्या तेलाचा वास येत असेल तर चित्र ताजं आहे. वरून वाळलेलं वाटलं तरी जाड थर आतून वाळायला महिनोन् महिने लागतात, आणि घाईनं फ्रेममध्ये दाबलं की चिकटतं.

आता चित्र उलटं करा

पैठणी घेताना आपण पदर उलटा करून बघतोच. चित्रालाही तेच लावा. विकणारा आढेवेढे घेत असेल तर तिथंच उत्तर मिळालं.

पाठीमागं पहिली गोष्ट कॅनव्हास. प्राइमर (रंगाआधी द्यायचा अस्तराचा हात) न लावता कोऱ्या कापडावर तैलरंग लावला असेल तर तेल कापडात झिरपून मागं पिवळसर-तपकिरी डाग उमटतो आणि काही दशकांत धागा कुजतो. हेलन फ्रँकेनथेलरनं १९५२ साली पातळ केलेला तैलरंग कोऱ्या कापडात मुरवून मोठं नाव कमावलं. त्या तंत्राची ही किंमतही आहेच. अ‍ॅक्रिलिक या पाण्यात मिसळणाऱ्या रंगानं असं कापड कुजत नाही. मात्र कोऱ्या कापडात आपल्याकडची काळ्या मातीची धूळ एकदा शिरली की निघत नाही.

दुसरी गोष्ट, ज्यावर कॅनव्हास ताणलाय ती लाकडी चौकट. टेप घेऊन दोन्ही कर्ण मोजा. समान नसतील तर चौकट तिरकी आहे आणि फ्रेम कधीच नीट बसणार नाही. लाकडात टाचणीएवढी भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर कीड आहे. असं चित्र घरात आणू नका, बाकीचं फर्निचरही जाईल. कोपऱ्यांत छोट्या लाकडी पाचरा असतील तर चांगलं, पुढं कॅनव्हास ढिला पडला तर ताणता येतो. तीस इंचांच्या वरच्या चित्राला मधे आडवी पट्टी हवी.

तिसरी गोष्ट लिखाण. चित्रकाराची सही, साल, माध्यम, माप हे पाठीमागं चित्रकाराच्या हातानं लिहिलेलं असावं. पुढं सही नसली तरी बिघडत नाही. अमूर्त चित्रं काढणारे बरेच जण पुढं सही टाळतातच. जुन्या प्रदर्शनाचं लेबल, गॅलरीचा शिक्का असेल तर त्याचा फोटो घ्या आणि ते खरवडू देऊ नका.

भाव आणि कागद

आपल्याकडे बहुतेक चित्रकार चौरस इंचाचा दर धरतात. समजा दर वीस रुपये असेल, तर २४ बाय ३० म्हणजे ७२० चौरस इंच, झाले १४,४०० रुपये. लहान चित्राचा दर इंचाला थोडा जास्त असणं रास्त आहे. त्याच चित्रकाराच्या सारख्या मापाच्या दोन चित्रांच्या किमतीत तिप्पट फरक असेल तर कारण विचारा. फ्रेमचे पैसे वेगळे सांगायला लावा. फ्रेम भारी नसेल तर ‘फ्रेम काढून किती?’ हा प्रश्न सगळ्यात उपयोगी.

‘पाच वर्षांत दुप्पट होईल’ असं सांगणाऱ्याकडून काहीच घेऊ नका. नवोदिताचं चित्र पुन्हा विकायला बाजार नसतो, असं मानूनच घ्यायचं.

कागद दोन हवेत. एक बिल, ज्यावर चित्राचं नाव, माप, माध्यम, साल आणि रक्कम असेल. दुसरं अस्सलतेचं प्रमाणपत्र, त्यावर चित्राचा छोटा फोटो आणि चित्रकाराची सही. सही चित्रकाराचीच, विकणाऱ्यानं स्वतःच छापलेल्या सोनेरी किनारीच्या प्रमाणपत्राला रद्दीचा भाव. जीएसटी नोंदणी असलेली गॅलरी असेल तर चित्रावरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, जुना दर लावला तर टोका. घरी बसून काम करणाऱ्या छोट्या चित्रकाराकडे नोंदणी नसते, तिथं साधं सहीचं बिल पुरतं. पैसे बँकेतून द्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही हे तर माहीत आहेच, पण लहान रकमेचाही पुरावा पुढं कामी येतो.

फ्रेमवाल्याशी बोलणं

आपल्या बाजारपेठेतले फ्रेमवाले देवांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो आणि पुण्यतिथीच्या फोटोंवर वर्षानुवर्षं हात बसलेले असतात. त्यांचं काम सफाईदार असतं, पण कॅनव्हास दिला की पहिला प्रश्न ठरलेला: ‘सर, काच लावू ना? धूळ बसत नाही.’ नाही म्हणा. काच कॅनव्हासला टेकली तर उन्हाळ्यात रंग काचेला चिकटतो आणि पावसाळ्यात आत ओल धरून बुरशी येते. काच लागते ती कागदावरच्या चित्राला, आणि तिथंही काच आणि कागद यांच्यात माउंटचं, म्हणजे मधे कापलेल्या पुठ्ठ्याच्या चौकटीचं, अंतर हवं. तो माउंट अ‍ॅसिड-फ्री, म्हणजे आम्ल नसलेला, मागा. नेहमीच्या पुठ्ठ्यानं कडेला तपकिरी रेघ उमटते.

अमूर्त चित्राला फ्लोटर फ्रेम सगळ्यात शोभते. ही खोक्यासारखी असते. कॅनव्हास आत बसतो आणि चारही बाजूंनी अर्धा सेंटिमीटर फट राहते, म्हणजे कडेपर्यंत गेलेला रंग झाकला जात नाही. फ्रेमवाल्याला नाव माहीत नसेल तर मोबाइलवर फोटो दाखवा, पेन्सिलनं छेद काढून द्या, त्यांना ते पटकन जमतं. नक्षीची सोनेरी पट्टी नम्रपणे टाळा. लाकूड सागवान असेल तर उत्तम. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) ओलीनं फुगतं.

तीन गोष्टी बजावून सांगा. कॅनव्हासच्या कापडात खिळा मारायचा नाही, मागच्या लाकडातून स्क्रू घ्यायचा. पाठीमागं पातळ बोर्ड लावायचा, म्हणजे पाल, कोळी आणि धूळ आत जात नाही. पण पॅकिंगच्या खाकी टेपनं चहूबाजूंनी बंद करायचं नाही, हवा खेळती राहिली पाहिजे. आणि जुनी फ्रेम काढताना पाठीवरचं लेबल फाडायचं नाही. शेवटची गोष्ट दोनदा सांगा, कारण स्वच्छ करून द्यायच्या हौसेत नेमकं तेच फाटतं.

मुंबई-पुण्याहून आणताना

एप्रिल-मेमध्ये आणू नका. ट्रॅव्हल्सच्या डिकीत रात्रभर तापलेल्या हवेत अ‍ॅक्रिलिक मऊ पडतं, आणि त्यावर बबल रॅप थेट गुंडाळलेला असेल तर त्याच्या गोल बुडबुड्यांचे ठसे रंगावर कायमचे उमटतात. पृष्ठभागाला आधी ग्लासिन (गुळगुळीत, न चिकटणारा) कागद किंवा सिलिकॉनचा बटर पेपर, मग पुठ्ठा, मग बबल रॅप, असा क्रम. चारही कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे त्रिकोण.

मोठं चित्र चौकटीवरून काढून गुंडाळून आणायचं असेल तर रंगाची बाजू बाहेर ठेवायची. उलट केलं की रंग दबून चिरतो. गुंडाळायला रुंद नळी हवी. शेतातल्या पाइपलाइनचा सहा इंची पीव्हीसी तुकडा याला चालतो. जाड थरांचं चित्र मात्र गुंडाळायचंच नाही, ते चौकटीसकट, उभं, गाडीच्या मागच्या सीटवर.

भिंत निवडणं

इथं मराठवाड्याचा हिशेब वेगळा. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो. पश्चिमेच्या भिंतीला संध्याकाळी हात लावून बघा, ती रात्री नऊपर्यंत गरम असते. त्या भिंतीवर चित्र नको. बाहेरच्या, पावसाचा मारा खाणाऱ्या भिंतीवरही नको. रंगाखाली पोपडे धरलेली जागा दिसली तर ओल आहेच. घरातली मधली भिंत सगळ्यात सुरक्षित. जुन्या मातीच्या भिंतींच्या वाड्यात वाळवीचा माग बघून मगच खुंटी ठोका, आणि फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना रबराचे किंवा बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंत आणि चित्र यांच्यात बोटभर हवा राहते.

कूलर हा चित्राचा आपल्याकडचा खरा वैरी. त्याच्या तोंडासमोर चित्र असेल तर चार महिने त्यावर दमट झोत बसतो. बोअरचं जड पाणी असेल, आणि लातूर-बीडकडे ते असतंच, तर बारीक तुषारांबरोबर क्षार येतात. वाळले की गडद रंगावर पांढरे ठिपके, आणि ते पुसायला गेलात की रंगावर ओरखडे. कूलरची जागा बदलता येत नसेल तर चित्राची बदला.

देवघराच्या खोलीतही नको. उदबत्ती आणि समईची काजळी पांढऱ्या भागावर वर्षभरात दिसायला लागते. थेट ऊन तर कुठंच नको. रॉथकोनं हार्वर्ड विद्यापीठासाठी केलेली भित्तिचित्रं १९६४ मध्ये मोठ्या खिडक्यांच्या भोजनगृहात लावली. त्यातला एक लाल रंग उन्हानं असा उडाला की १९७९ पर्यंत ती सगळी उतरवून अंधारात ठेवावी लागली.

उंची: चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण पाच फुटांच्या किंचित खाली. सोफ्यावर लावायचं तर पाठीपासून सहा-आठ इंच वर, आणि रुंदी सोफ्याच्या दोन तृतीयांश. आपल्याकडे तसबिरी छताजवळ तिरक्या टांगायची सवय आहे, ती इथं मोडावी लागते. दोन खिळे, दोन कड्या. एकाच खिळ्यावर टांगलं की पंख्याच्या वाऱ्यानं आठवड्यात तिरकं.

लावल्यावर

दिवाळीच्या झाडझुडीत ओला फडका फिरवणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा. मऊ, कोरडा, रुंद ब्रश, वरून खाली, हलक्या हातानं, एवढंच. सुट्या पोपड्यांवर तोही नाही.

कुणी ‘वॉर्निश मारून देतो, चमक येईल’ म्हणाला तर अजिंठ्याची गोष्ट आठवा. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला निजाम सरकारनं इटलीहून दोन जाणकार बोलावले. लेण्यांतली चित्रं टिकावीत या चांगल्या हेतूनं त्यांनी त्यावर लाखेचं वॉर्निश चढवलं. पुढं ते पिवळं-काळपट पडलं, आणि पुरातत्त्व खात्याला ते उतरवण्याचं किचकट काम करत बसावं लागलं. आपल्या चित्राला वॉर्निश लावायचं की नाही हे फक्त चित्रकार ठरवणार. तैलरंगावर तर सहा महिने ते वर्षभर थांबूनच.

पावसाळ्यात कॅनव्हास थोडा ढिला वाटला तर लगेच पाचरा ठोकू नका. हिवाळ्याची कोरडी हवा आली की बरेचदा तो आपोआप ताणतो.

कर आणि हक्क, थोडक्यात

चित्र ही आयकराच्या दृष्टीनं घरातल्या टीव्ही-सोफ्यासारखी वैयक्तिक वापराची वस्तू धरली जात नाही. नफ्यानं विकलं तर भांडवली नफ्यावर कर लागतो. २४ महिन्यांहून जास्त काळ ठेवलेलं असेल तर साडेबारा टक्के. म्हणून ते बिल जपायचं.

आणि चित्र तुमचं झालं तरी त्याचा कॉपीराइट चित्रकाराकडेच राहतो, त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात मूळ चित्र दहा हजारांच्या वर पुन्हा विकलं गेलं तर चित्रकाराला त्या किमतीत वाटा मागण्याचीही सोय आहे. घरी लावा, पाहुण्यांना दाखवा, हरकत नाही. पण दवाखान्याच्या कॅलेंडरवर, दुकानाच्या पिशवीवर किंवा मुलीच्या लग्नपत्रिकेवर ते छापायचं मनात आलं तर आधी चित्रकाराला फोन करा. बहुतेक जण खूश होऊन हो म्हणतात. होकार तेवढा दोन ओळींत लिहून घ्या.